काट्यावरचं कुंकू

डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय मावशी त्या भांड्याजवळ कधी गेल्या नाहीत. मी नवी होते तेव्हा विचारलं, वाफेसाठी का हो? तर त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं, आवाज अगदी खाली आणला आणि सांगितलं, "मामंजी हायत ते. त्यांच्यापुढं उघड्या डोक्यानं जावं का?"

मामंजी म्हणजे जाड अॅल्युमिनियमचं, कमरेइतकं उंच असं एक जुनं भांडं. झाकण सहा स्क्रूंनी आवळायचं. झाकणावर वाफ सोडायची एक तोटी आणि घड्याळासारखी एक तबकडी, तिच्यात दाब दाखवणारा काटा. घरातल्या कुकरचा थोरला भाऊ म्हणा. येडशीच्या पुढं थोडं आत गेलं की एक गाव लागतं, तिथं आमचं छोटं केंद्र होतं. आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या शेतातला माल आणायचा, बाटल्यांत भरून टिकाऊ करून न्यायचा. मामंजी हे त्या केंद्राचं सगळ्यात जुनं माणूस आणि त्यांच्या खालोखाल ते चालवणाऱ्या मावशी. मी पर्यवेक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याकडे अन्नशास्त्राची पदवी होती, नवी पर्स होती, आणि आपल्याला सगळं येतं असा एक आजार होता. पदवी अजून आहे.

तुम्ही म्हणाल, बाटल्या भरायला एवढं मोठं धूड कशाला? लोणच्याला नाही लागत. ते मिठावर आणि आंबटपणावर टिकतं. पण ओल्या तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, हुरडा यांच्यात ना मीठ ना आंबट. त्यांच्यात विष करणारे जंतू नुसत्या उकळत्या पाण्यानं मरत नाहीत. त्यांना त्याहून जास्त आच लागते आणि ती दाबाखालीच मिळते. म्हणून भरलेल्या बाटल्या मामंजींच्या पोटात उभ्या करायच्या, तळाशी पाणी घालायचं, झाकण आवळायचं. दहा मिनिटं तोटीतून वाफ जाऊ द्यायची. मग तोटी बंद. काटा ठरलेल्या जागी चढला की जाळ कमीजास्त करत चाळीस मिनिटं त्याला तिथंच धरून ठेवायचं. शेवटी गॅस बंद करून नुसतं बसून राहायचं.

हे नुसतं बसून राहणं मला जमत नसे. पहिल्याच आठवड्यात, भांडं लवकर निवावं म्हणून मी झाकणावर गार पाण्याचा तांब्या ओतायला गेले. मावशींनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

"हात मागं!" त्या ओरडल्या. "काटा खाली येऊ द्या. त्याचा त्याला येऊ द्या. मग झाकण."

मावशी माझ्यावर ओरडल्या त्या एकदाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात बांधून चार धपाटी आणि दही आणलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काल जादा बोलले. पर झाकण उडालं असतं तर तुमचं तोंड भाजलं असतं, मॅडम. लग्न व्हायचंय अजून." मी धपाटी खाल्ली. चूक मात्र कबूल केली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं की या बाबतीत माझी तब्येत नाजूक आहे.

"काटा खाली येऊ द्या" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. केंद्रात दोन जावा बाटल्यांवरून भांडल्या, एकीच्या हुरड्यात दुसरीचा मिसळला म्हणून. मावशी मध्ये जाऊन बसल्या, दोघींना चहा दिला आणि म्हणाल्या, "आता कुणी बोलायचं न्हाय. काटा खाली येऊ द्या." चहा संपेपर्यंत दोघी एकमेकींना साखर विचारत होत्या. मावशींचा स्वतःचा मुलगा रागावून पुण्याला निघून गेला होता, तेव्हाही त्यांनी एक फोन केला नाही. "म्या झाकण वढलं तर आणि भडकंल," म्हणाल्या. दोन महिन्यांनी तो आपणहून आला, बायको घेऊन इथंच राहिला. शेती बघू लागला.

मामंजींची चाकरी त्या कशी करायच्या ते बघण्यासारखं होतं. दिवाळी झाली की तोटी काढून तिच्यात सुतळी ओवून साफ करायच्या. झाकणाखालचं रबर कोमट पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून त्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवायच्या, लेकराच्या टाळूला लावावं तसं. स्क्रू नेहमी समोरासमोरचे दोन एकदम आवळायच्या. घाणा निघाल्यावर बाटल्या रात्रभर फडक्यावर ठेवायच्या, आणि सकाळी चमच्यानं एकेका झाकणावर टिचकी मारून कान लावायच्या. झाकण मधून खाली दबलेलं असलं की आवाज खणखणीत यायचा. भद आवाज आला की ती बाटली बाजूला. "ही बोलंना," म्हणायच्या. मी म्हणायची, नुसतं बोटानं दाबलं तरी कळतं की. "कळतंय. पर तिला बी बोलू द्यावं," मावशी म्हणायच्या.

आणि त्यांची एक गोष्ट मला फार हास्यास्पद वाटायची. तबकडीच्या काचेवर त्या कुंकू लावायच्या.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या बायका मिळून यंत्रांची पूजा करत. शेगडीला, वजनकाट्याला, अगदी माझ्या टेबलावरच्या संगणकालाही हळदकुंकू लागे. ते पुढं आठ दिवसांत पुसून जाई. पण मामंजींच्या तबकडीवरचा ठिपका वर्षभर असे. मावशींकडे एक जुनी पितळी डबी होती. एका कप्प्यात मेण, दुसऱ्यात कुंकू. नवरा होता तेव्हाची ती डबी, पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावून मग कुंकू टेकवत, तशी. नवरा गेल्यावर कपाळ सुटलं, डबी केंद्रात आली. ठिपका फिका झाला की त्या मेणाचं बोट लावून वर कुंकू दाबायच्या, जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन, शाळेतली मुलं नकाशा रंगवतात तशा.

"मावशी, काट्यालाही सौभाग्य का?" मी एकदा सगळ्यांदेखत विचारलं. बायका हसल्या. मावशीही हसल्या. "त्याला बी लागतंय, मॅडम," म्हणाल्या. मग बोलल्या, "तसं न्हाय, ह्या काट्याचं असं हाय की..."

"मावशी, दाबाचं सगळं आम्हाला कॉलेजात शिकवलंय," मी म्हणाले आणि फोन घ्यायला आत गेले.

त्या दिवशी मी दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याहून मोठे साहेब केंद्र बघायला येणार असा निरोप आला. मावशी नेमक्या दोन दिवस भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला कळंबला गेल्या होत्या. मला उलट बरंच वाटलं. साहेबांपुढं ही पदर घेऊन मामंजी मामंजी करत बसली तर काय दिसेल, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे आलं, ते आज झाकून काय करू. मी सकाळी लवकर जाऊन मामंजींना चिंचेनं घासलं. भांडं चांदीसारखं निघालं. तबकडीवरचा तो तेलकट लाल ठिपका नखानं खरवडला आणि ओल्या फडक्यानं काच लख्ख केली. मेण चिवट होतं. निघता निघेना, तेव्हा मी वैतागून पुटपुटलेही.

साहेब आले. मी पांढरा कोट घालून प्रात्यक्षिक दाखवलं. भिंतीवरच्या तक्त्यात दहाचा आकडा होता, मी काटा दहावर धरला, चाळीस मिनिटं. बायकांनी आणलेल्या तुरीचे दाणे होते. साहेबांसमोर एक घाणा काढला, ते गेल्यावर दोन. एकूण पंचेचाळीस बाटल्या. साहेबांनी वहीत लिहिलं की केंद्राची स्वच्छता आणि शास्त्रीय दृष्टी वाखाणण्यासारखी आहे. शास्त्रीय दृष्टी या शब्दांवरून मी दोनदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी बायका येऊन आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. पदर घेतला, मामंजींजवळ गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

"मॅडम, काट्यावरलं कुंकू कुठं गेलं?"

"पुसलं गेलं असेल साफसफाईत."

"घाणे काढले का?"

"तीन."

"काटा किती आकड्यावर धरला व्हता?"

"का हो?"

मावशी माझ्याजवळ आल्या. सांगताना त्यांचा आवाज मामंजींपुढं बोलावं तसाच खाली होता. "हा दोन जादा दाखवतोय, मॅडम. लई वरसं झाली, झाकण हातातनं निसटून पडलं, तवापासनं. म्या त्याला टॉवेलात गुंडाळून यष्टीनं साखर कारखान्यावर नेला व्हता, बॉयलरच्या मिस्त्रीकडं. त्यानं लावून बघितला आन् म्हणला, मावशी, ह्यानं बारा दाखवले की खरे दहा धरा. म्हणून म्या बारावर कुंकू लावते. आकडं मला बारीक दिसत्यात, लाल ठिपका दिसतोय. तुमच्या आधीच्या सरांना मालूम व्हतं. तुमाला बी असंल असं वाटलं."

मी दहावर धरला होता, म्हणजे खरे आठ. त्या बाटल्यांमध्ये काय होऊ शकतं हे त्या गावात फक्त मला पुस्तकातून ठाऊक होतं. तसल्या विषाला ना वास असतो, ना चव. त्या क्षणी मी स्कूटर काढली असती तर दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या परत आल्या असत्या. एवढंच म्हणायचं होतं, बायांनो, माझं चुकलं, परत द्या.

"बाराच," मी म्हणाले. "ठिपक्यावरच धरला होता. पुसला तो नंतर."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "मग बरं झालं," म्हणाल्या आणि डबी आणायला गेल्या.

का बोलले मी असं? सातवी शिकलेल्या बाईपुढं पांढऱ्या कोटाची चूक कबूल करायची लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. पुष्कळ शोधलं मी, थोडं बरं दिसणारं एखादं सापडतंय का म्हणून.

पुढचे अठरा दिवस मी नीट जेवले नाही. रस्त्यात कुणाचं पोर रडताना दिसलं तरी मी त्याच्या आईकडे त्याच्या जेवणाची चौकशी करायची. केंद्रात येणाऱ्या बाईला मी उगाच विचारायची, "काय मग, तुरीची आमटी केली का?" ती म्हणायची, "न्हाय हो, आत्ता ताज्या शेंगा हायत की, त्या बाटल्या उन्हाळ्याला." मग मला जरा श्वास यायचा. गावाचा संसारी शहाणपणा माझी पाठराखण करत होता. मी नव्हते करत कुणाची.

एकोणिसाव्या दिवशी गिरणीवाल्या काकू आल्या. गावात पिठाची गिरणी त्यांची आणि तोंडही गिरणीसारखंच, एकदा सुरू झालं की थांबत नसे. त्यांनी माझ्या टेबलावर बाटली आदळली. झाकण फुगून टम्म झालं होतं, कडेनं फेस येत होता.

"हे काय हो मावशी?" काकू ओरडल्या. मला नाही, मावशींना. मामंजी मावशींचे, हे सगळ्या गावाला माहीत. "लेकीला एक बाटली सोलापूरला धाडलीय म्या. पाचवा महिना हाय तिला!"

मावशींनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. मग तबकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी फायली नीट लावत होते.

"रबर जुनं झालं व्हतं," मावशी म्हणाल्या. "म्या बदलायचं राहिलं. माझी चूक हाय, बाई."

रबर नवं होतं. दिवाळीत माझ्यासमोर त्यांनी ते बसवलं होतं, खोबरेल तेल लावून. मी फायली लावतच राहिले.

आम्ही आधी गिरणीत गेलो. काकूंनी लेकीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही वाजून थांबला. गिरणीचा पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं आणि मी भिंतीला टेकून उभी होते. चौथ्यांदा लेकीनं उचलला. अंघोळीला गेली होती. बाटली फळीवर तशीच होती, उघडली नव्हती. काकूंनी तिला ती बाटली लेकराबाळांच्या हाती लागणार नाही अशी बांधून ठेवायला सांगितलं, भाऊ येऊन नेईल म्हणाल्या. मी गिरणीच्या पायरीवर बसले. मावशींनी माठातून तांब्या भरून माझ्या हातात दिला. "प्या," एवढंच म्हणाल्या.

मग घरोघर. मावशींच्या डोक्यावर घमेलं, माझ्या हातात नावांची यादी. प्रत्येक उंबऱ्यावर मावशी तेच वाक्य म्हणायच्या. रबर जुनं झालं व्हतं, म्या बदललं न्हाय, माझी चूक. कुणी समजून घेतलं, कुणी दार आपटलं. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्यावर इमान ठिवलं व्हतं गं आमी." मावशींनी तिच्या पायांना हात लावला. मी यादीत तिच्या नावापुढं खूण केली. गावातल्या चव्वेचाळीस बाटल्या तिन्हीसांजेच्या आत गोळा झाल्या. पंचेचाळिसावी दोन दिवसांनी सोलापूरहून आली. मावशींनी सगळ्या बाटल्या तशाच बंद, पाण्यात बुडवून तासन्‌तास उकळल्या आणि केंद्रामागं खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. ते उकळायला मात्र त्यांनी मामंजींना वापरलं नाही. दुसरं पातेलं घेतलं.

आठवड्यानं केंद्राच्या बायकांची बैठक झाली. मावशींचं वय झालं, नजर गेली, त्यांनी यंत्राला हात लावू नये, असं ठरलं. ठराव माझ्या अक्षरात आहे. खाली माझी सही आहे. मावशींनीही सही केली, सावकाश, एकेक अक्षर बसवत. कुणी काही बोलावं म्हणून त्यांनी मान वर केली नाही. खरं तर एकीनंच बोलायचं होतं, आणि ती वही सांभाळत होती.

शेवटच्या दिवशी मावशींनी मला मामंजी समजावून दिले. तोटीची सुतळी, रबराचं तेल, समोरासमोरचे स्क्रू. या वेळी मी सगळं ऐकलं. मग त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा आणि काडीला गुंडाळलेला कापूस काढला. गावात एका घराचं दार रंगवणं चालू होतं, तिथून मागून आणलेला लाल रंग होता तो. जीभ बाहेर काढून त्यांनी काचेवर बारापाशी बारीक ठिपका दिला.

"ऑइल पेंट हाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कुंकू नखानं निघतंय. हे न्हाय निघत."

मी कुणाला सांगितलं नव्हतं की नखानं काढलं म्हणून. पण काचेवर माझ्या नखाचा ओरखडा राहिला होता. तो त्यांना पहिल्याच दिवशी दिसला असणार.

मला वाटलं, आता ही बाई केंद्राचं तोंड बघणार नाही. पुढच्या हंगामात केंद्रात कुणीच येईना. गाव घाबरलं होतं. संक्रांतीच्या आधी एका सकाळी दारात मावशी, कडेवर तुरीच्या दाण्यांची पाटी. बायका बसतात तिथं सतरंजीवर जाऊन बसल्या. पदर डोक्यावर.

"माझा घाणा काढा, मॅडम," म्हणाल्या.

मी काढला. काटा लाल ठिपक्यावर धरला. मावशी सतरंजीवरून हलल्या नाहीत, मध्ये बोलल्या नाहीत. महिनाभर बाटल्या घरी ठेवून, झाकणं तपासून, मग त्यांनी त्यांतल्या दाण्यांची आमटी गिरणीत नेली आणि काकूंसमोर बसून स्वतः जेवल्या. त्यानंतर बायका येऊ लागल्या. दर वर्षी पहिला घाणा मावशींचा असे. माझं नाव झालं. मॅडमच्या हातचं बिघडत नाही, असं आसपासच्या गावांतही म्हणू लागले.

मी त्यांच्या घरी पुष्कळदा गेले. सांगायला म्हणूनच जायची. "मावशी, एक बोलायचं होतं," अशी सुरुवातही व्हायची. मावशी हातातलं काम खाली ठेवायच्या, शेंगा असोत की सूप, आणि माझ्याकडे बघत बसायच्या. "सावकाश बोला," म्हणायच्या. आणि मी विचारायची, या साली तुरी कशा आल्यात? मावशी तुरी कशा आल्यात ते सांगायच्या. अशी सहा वर्षं गेली. तुम्हाला खोटं वाटेल, पण जाताना दर वेळी मला पक्कं वाटायचं की आज नक्की.

गेल्या चैत्रात मावशी गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. मी तेराव्याला गेले. उन्हाळ्यात ओल्या तुरी कुठल्या, पण त्यांना ती आमटी आवडायची म्हणून सुनेनं फळीवरच्या शेवटच्या दोन बाटल्या काढल्या. माझ्या हातच्या. झाकण उघडताना टक्कन आवाज झाला. बाटल्या चांगल्या होत्या.

पंगतीत गिरणीवाल्या काकू माझ्या शेजारी होत्या. आमटीचा भुरका घेऊन त्यांनी डोळे पुसले. "गुणाची बाई. एकदा तेवढी चुकली बघा, ते रबराचं. न्हायतर हाताला बरकत व्हती. पर मॅडम, तुमच्या हातचं आजपातूर एकदा बी बिघडलं न्हाय."

सुनेनं वाटीत आणखी वाढायला पळी पुढं केली आणि मी म्हणाले, "काकू, रबर नवं होतं. ते घाणे माझे होते. कुंकू मी पुसलं, काटा मी चुकीचा धरला, आणि मावशींना मी खोटं सांगितलं."

काकूंनी ताटावरून हात उचलला. "ह्यो समोर फोटो हाय तिचा," त्या म्हणाल्या. "ह्याला ऐकू येत न्हाय, मॅडम." आणि उठून हात धुवायला गेल्या.

सून तिथंच उभी होती. तिनं पळी खाली केली नाही, वाटीत आमटी वाढली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "आत्याबाईंनी सांगितलं व्हतं. म्या म्हणलं, मग तुमी तोंडावर का बोलत न्हाय? तर म्हणल्या, तू बी काय विचारू नको त्यांना. येत्यात त्या, बसत्यात, जात्यात. त्यांच्या त्या सांगतील. काटा खाली येऊ दे."

मामंजींना निवायला पाऊण तास लागायचा. मला सहा वर्षं लागली.